खुडूक कोंबडी आणि सरकारी पिल्ले

थंडी पडू लागली की गोव्यातील वर्तमानपत्रांत कोंबडीविषयीच्या दोन बातम्या ठरल्याप्रमाणे येतात. पहिली अंडी महागल्याची. नाताळ जवळ आलेला असतो, बेकऱ्यांची मागणी वाढलेली असते, एकेका बिबिंकेला डझनावारी बलक लागतात आणि नेमके त्याच वेळी घाऊक दर चढलेले असतात. दुसरी बातमी शेजारच्या एखाद्या राज्यात बर्ड फ्लू आढळल्याची. मग चोर्ला, अनमोड, पत्रादेवी आणि पोळे या नावांना अचानक महत्त्व येते. आपल्या ताटातील बहुतांश अंडी आणि कोंबड्या याच वाटांनी राज्यात येतात, हे वर्षातून एकदा नाक्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांमुळे आपल्याला आठवते. पंधरवड्यात दर उतरतात, गाड्या सुटतात आणि विषय मिटतो.

या दोन्ही बातम्यांत घरामागच्या परसात चरणाऱ्या कोंबडीचा उल्लेख सहसा नसतो. ती कोणाच्या हिशेबातच नाही. वास्तविक ती संख्येने नगण्य मुळीच नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात एकूण ८५.१८ कोटी कोंबड्या-बदके होती आणि त्यांपैकी ३१.७ कोटी घरगुती, म्हणजे परसातील होती. २०१२ च्या तुलनेत व्यावसायिक फार्मवरील पक्ष्यांची संख्या साडेचार टक्क्यांनी वाढली, तर परसातील पक्ष्यांची तब्बल ४६ टक्क्यांनी. गावे ओस पडत आहेत, अंगणांना फरशा बसत आहेत, असे आपण म्हणत असताना हा आकडा बुचकळ्यात टाकतो. एकविसाव्या पशुगणनेचा प्रारंभ ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. तिच्यातून या वाढीचे पुढे काय झाले ते कळेल.

आता दुसरा आकडा. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे १३,८३८ कोटी अंडी उत्पादित झाली. त्यांत परसातील कोंबड्यांचा वाटा साधारण १५ टक्के होता. शंभरांतले सदतीस पक्षी परसात आणि शंभरांतली पंधराच अंडी त्यांची, असा हा हिशेब. त्यातही फार्मवरील पक्ष्यांत मोठा भाग मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलरचा असतो आणि ते अंडी घालतच नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष अंडी घालणाऱ्या कोंबडीची तुलना केली तर तफावत आणखी मोठी ठरते. नियोजन करणाऱ्यांनी या तफावतीचा अर्थ सरळ लावला: परसातील कोंबडी कमी अंडी घालते, तेव्हा तिच्या जागी जास्त अंडी घालणारी कोंबडी द्यावी. गेल्या दोन-तीन दशकांतील सगळे धोरण या एका वाक्यावर उभे आहे. ते चुकीचे आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु त्यात एक गोष्ट सुटली आहे, आणि ती सुटल्यामुळे परसाचे मूळ गणितच बिघडू लागले आहे.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर, फार तर ऐंशी अंडी घालते. फार्मवरची पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी तीनशेच्या वर जाते. पण गावठी कोंबडीचे वर्ष सलग अंडी घालण्याचे नसतेच. ती बारा-पंधरा अंड्यांची एक खेप देते आणि मग खुडूक होते. अंगाची पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, जवळ गेलेल्याच्या हातावर चोच मारते, खाणेपिणे जवळपास सोडते. मेंदूजवळच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते आणि अंडी घालण्याचे काम थांबून अंडी उबवण्याचे काम सुरू होते. पुढे एकवीस दिवस उबवणी, त्यानंतर दीड-दोन महिने पिल्लांची राखण. वर्षातून अशा तीन-चार फेऱ्या. अंड्यांच्या हिशेबवहीत हे सगळे दिवस रिकामे दिसतात. कोंबडी त्या काळात पुढची पिढी तयार करत असते, याला मात्र त्या वहीत रकाना नाही.

ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांना त्यातले कौशल्य ठाऊक असेल. आमच्याकडे अंडी बसवायची म्हणजे घरातल्या जाणत्या बाईचाच अधिकार. जुनी टोपली घ्यायची, तळाला राख आणि वर वाळलेले गवत घालायचे, राखेने उवा-पिसवा आवरतात. अंडी निवडताना फार मोठी, फार लहान, खडबडीत किंवा तडा गेलेली बाजूला काढायची. नऊ, अकरा किंवा तेरा अशी विषम संख्या ठेवायची. विषम का, याचे उत्तर कोणी देत नसे, परंतु बेताच्या अंगाच्या गावठी कोंबडीच्या पोटाखाली तेवढीच अंडी नीट मावतात, हे खरे. काही घरांत गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवत. त्या खिळ्याविषयी शास्त्र काही सांगत नाही. बाकीच्या बहुतेक गोष्टींना मात्र शास्त्राची साक्ष काढता येते.

उदाहरणार्थ, बसवायची अंडी तांदळाच्या कणगीत किंवा मडक्यात थंड जागी ठेवण्याची पद्धत. फलित अंड्यातील जीव वीस-पंचवीस अंशांच्या वर उष्णता मिळाली की मंदपणे वाढू लागतो आणि योग्य उष्णता न मिळाल्याने अर्ध्यावर मरतो. आपल्या किनारपट्टीवर एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरातले तापमान तिशीच्या पुढे असते. फडताळात आठ-दहा दिवस पडलेली अंडी त्या दिवसांत बसवली तर निम्मी फुकट जातात आणि दोष कोंबडीच्या माथी येतो. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत, हा नियम यंत्रावर उबवणाऱ्यांनाही पाळावा लागतो.

उबवणीत अंड्याला साधारण साडेसदतीस अंश उष्णता सतत लागते. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला नेते. अंडे न फिरवल्यास आतला जीव कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून मरतो. दिवसातून एकदा ती उठते, पटकन दाणे टिपते, पाणी पिते, घाण करते आणि परतते. सातव्या दिवशी रात्री अंधारात बॅटरीच्या झोतासमोर अंडे धरले की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. ज्यात काहीच दिसत नाही ते वांझोटे. एकवीस दिवसांत अंड्याचे वजन पाण्याची वाफ होऊन साधारण बारा टक्क्यांनी घटले पाहिजे, म्हणजे आतील हवेची पोकळी पिल्लाच्या पहिल्या श्वासापुरती मोठी होते. भर पावसात ही घट पुरेशी होत नाही आणि पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच गुदमरतात. जुनी माणसे आषाढ-श्रावणात अंडी बसवायला का नाखूष असत, याचे एक कारण हे असावे. दुसरे अर्थात ओल, सर्दी आणि रक्ती हगवण.

शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू आतून बोलू लागते आणि कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा उरलेला भाग असतो, त्यामुळे दोन दिवस त्याला दाण्याची गरज नसते. एका दिवसाची पिल्ले खोक्यात भरून शेकडो मैल पाठवण्याचा आजचा सगळा धंदा निसर्गाच्या या दोन दिवसांच्या शिदोरीवर चालतो. परसात मात्र त्यापुढची खरी शाळा सुरू होते. काय खावे, घार दिसली की कुठे लपावे, मुंगूस आल्यावर कोणता आवाज करावा, हे पिल्लाला आई शिकवते. तिच्या पंखाखालच्या उबेला वीजबिल येत नाही आणि पावसाळ्यात लाइन गेली म्हणून ती थंडही पडत नाही.

आधुनिक कुक्कुटपालनाने नेमकी हीच प्रवृत्ती निवडीतून काढून टाकली. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास केली गेली. उबवणीचे काम यंत्राकडे गेले. फार्मच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष आहे. तो केल्याशिवाय माणशी वर्षाला शंभरावर अंड्यांची उपलब्धता देशाला गाठता आली नसती, आणि तरीही पोषणतज्ज्ञांनी सांगितलेल्या १८० अंड्यांपासून आपण दूरच आहोत. प्रश्न उद्भवतो तो फार्मसाठी घेतलेला निर्णय परसात आणून ठेवल्यावर.

आपल्या संशोधन संस्थांनी परसासाठी म्हणून वेगळे वाण तयार केले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया दिल्या, बंगळूरने गिरिराजा दिली. हे पक्षी रंगीत असतात, मोकळ्यावर चरतात, गावठी कोंबडीहून लवकर वाढतात आणि दीडपट-दुप्पट किंवा त्याहूनही अधिक अंडी देतात. बेळगावच्या बाजूला गिरिराजा आता गावठीच समजली जाते. गोव्यातही अशी सुधारित पिल्ले अनेक घरांत पोचली आहेत. ज्या घराला चार पैसे आणि मुलांना अंडे हवे आहे, त्यांनी ती जरूर पाळावीत. परंतु हे पक्षी सहसा खुडूक होत नाहीत. झाले तरी नेटाने एकवीस दिवस बसत नाहीत. परिणामी दीड-दोन वर्षांनी अंडी कमी झाली की त्या कोंबडीची भाजी होते आणि घराला नवी पिल्ले आणायला पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात उभे राहावे लागते. संकरित बियाण्याची जी गोष्ट शेतकऱ्याने अनुभवली, तीच ही.

सरकारी योजनांची घडण याला आणखी हातभार लावते. ग्रामीण परसातील कुक्कुटपालनाच्या पूर्वीच्या केंद्रीय योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला चार आठवड्यांची ४५ पिल्ले टप्प्याटप्प्याने देण्याची तरतूद होती. ती संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर पुढच्या वाटपात होते. २०२१-२२ पासून सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात भर उद्योजकतेवर आला. किमान एक हजार मातृपक्षी, त्याला जोडून उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढवण्याची व्यवस्था उभारणाऱ्याला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान. सत्तरी किंवा काणकोणातील एखाद्या धडपड्या तरुणाने हे केंद्र उभारले तर चांगलेच आहे. मात्र दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईचे या योजनेतील स्थान केवळ गिऱ्हाइकाचे आहे. कालपर्यंत तिच्या घरात जी गोष्ट फुकट तयार होत होती, ती आता तिने विकत घ्यायची आहे. तिच्या कोंबडीला बसता येते, ही तिची मालमत्ता होती. कोणत्याही कागदावर तशी नोंद नसल्याने ती गेल्याचीही नोंद होणार नाही.

गावठीचे गुणगान करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. परसातील कोंबडीचा खरा शत्रू कमी अंडी हा नसून मरतूक हा आहे. समजा, बारा अंडी बसवली. नऊ पिल्ले निघाली तर उबवणी उत्तम झाली म्हणायचे. त्यांतील दोन घारीने नेली, एक मुंगसाने, एक पावसात गारठून गेले. उरलेली पाच अंगाने भरू लागली आणि एका आठवड्यात मानमोडीने चार गेली. कोणत्याही वाड्यावर विचारा, थोड्याफार फरकाने हाच हिशेब ऐकायला मिळतो. वर्षाला ऐंशी अंड्यांऐवजी दीडशे अंडी देणारी कोंबडी आणून हा हिशेब सुधारत नाही, कारण ती कोंबडीही मानमोडीनेच मरते.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेतला हा रोग आढळला म्हणून आपल्याकडे त्याला ते नाव पडले. माना वाकड्या होतात, हिरवट हगवण लागते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. यावर स्वस्त आणि खात्रीची लस कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब आणि सहा-आठ आठवड्यांनी एक टोचणी, इतकी ही साधी गोष्ट आहे. एका पक्ष्यामागे खर्च पाहिला तर तो नगण्य. मग ती परसात का पोचत नाही? कारण लसीची लहानात लहान कुपीही बहुधा शंभर मात्रांची असते, बहुतेक त्याहून मोठ्या. ती दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात विरघळवली की साधारण दोन तासांत संपवावी लागते. जिच्याकडे आठ कोंबड्या आहेत तिने शंभर मात्रांच्या कुपीचे करायचे काय? फार्मच्या सोयीने बनवलेले औषध परसाच्या मापाचे नाही, इतकाच हा अडथळा आहे.

तो दूर करता येतो, हे इतरांनी दाखवून दिले आहे. बांगलादेशात बायकांना प्रशिक्षण देऊन गावोगाव कोंबड्यांना लस टोचण्याचे काम १९८० च्या दशकापासून चालत आले. टोचणाऱ्या बाईला प्रत्येक कोंबडीमागे थोडे पैसे मिळतात आणि एका फेरीत एक कुपी संपते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता अधिक सोसणारी आय-२ ही लस डोळ्यात एक थेंब टाकून देतात. मोझांबिक आणि टांझानियातील खेड्यांत ती वापरली गेली. आपल्याकडे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात ‘पशुसखी’ ही कल्पना आहेच. बचतगटांचे जाळे गोव्यात चांगले आहे, गावे जवळजवळ आहेत, रस्ते बरे आहेत, पशुवैद्यकीय दवाखाना फार लांब नाही. वर्षातून तीन ठरलेल्या दिवशी वाड्यावाड्यातून एक बाई बर्फाचा डबा घेऊन फिरली तर शंभर मात्रांची कुपी दुपारपर्यंत संपेल. राज्य लहान असल्याचा आपल्याला एरवी तोटाच सांगितला जातो. या कामात तो मोठा फायदा आहे.

बर्ड फ्लूचा विषय यापेक्षा अवघड. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो देशात प्रथम आढळला, तो मोठ्या फार्मवर. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात घरगुती कोंबड्यांत आढळला. जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळच्या चिरनेर गावी त्याने डोके वर काढले, म्हणजे कोकणपट्टीलाही तो आता अपरिचित नाही. माणसाला त्याची लागण क्वचित होते, परंतु झाली तर ती गंभीर असते. २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका चिमुरडीचा मृत्यू झाला. त्यामुळे रोग आढळलेल्या जागेपासून एक किलोमीटर परिघातील सर्व कोंबड्या मारण्याचा आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कृती आराखड्यातील नियम कठोर वाटला तरी त्यामागे कारण आहे. त्याला फाटे फोडणे योग्य नव्हे.

तरीही त्या एक किलोमीटरमध्ये काय जाते, याचा विचार व्हायला हवा. फार्मवाल्याला नुकसानभरपाई मिळते, तीन-चार महिन्यांनी परवानगी मिळाल्यावर तो नवी पिल्ले आणतो, धंदा पुन्हा उभा राहतो. परसवाल्या घरालाही भरपाई मिळते, केंद्र आणि राज्य ती निम्मी-निम्मी सोसतात. पण ती मारलेल्या पक्ष्याची असते. आधीच मेलेल्यांची नसते, आणि पक्षी लपवून ठेवला तर अर्थातच नसते. वाड्यावरच्या सगळ्या बसणाऱ्या कोंबड्या एकाच दिवशी गेल्या तर त्या घरांकडे पैसे असूनही आणायला गावठी बीज कुठेच शिल्लक नसते. मग येते ती पुन्हा उबवणी केंद्राची पिल्ले. घरातल्या बायका अशा वेळी दोन-तीन कोंबड्या पाहुण्यांच्या गावी का पळवतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना दंडाची भीती घालण्यात अर्थ नाही. पळवलेली कोंबडी रोग घेऊन जाऊ शकते, हेही तितकेच खरे. आजूबाजूच्या तालुक्यांतील निरोगी गावठी पक्षी पुढे अशा घरांना मिळतील अशी लेखी हमी आराखड्यात असती, तर कदाचित पळवापळवीची गरजच पडली नसती.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे, जमिनीचा. भाट विकले जाते, तिथे दुसऱ्या शहरांतून आलेल्यांचे बंगले उभे राहतात आणि पहाटे चारला शेजारचा कोंबडा आरवतो. पंचायतीत तक्रार येते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणत आलो, परंतु कोंबडे झाकून ठेवा असे सांगणारा शेजारी या म्हणीच्या कर्त्याला ठाऊक नसावा. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्धचा खटला न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. जानेवारी २०२१ मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातील आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच केला. आपल्याला कायद्याची गरज आहे असे नाही. पण तक्रार आल्यावर पंचायत कोणाच्या बाजूने झुकते, यावर त्या वाड्यातील खुराडी टिकणे अवलंबून असते. कोंबडा गेला की अंडी मिळतात, मात्र ती फलित नसतात. एका आरवण्याबरोबर पुढची पिढी जाते.

कोंबड्याला परसात आणखी एक किंमत आहे. अंड्यांच्या उद्योगात नर पिल्लू निरुपयोगी ठरते आणि पहिल्याच दिवशी मारले जाते. परसात निघालेल्या नऊ पिल्लांतील चार-पाच नर असले तर घर खंतावत नाही. पेडणे, सत्तरीपासून सिंधुदुर्गापर्यंत राखणदाराला राखण द्यायची ती गावठी कोंबड्याचीच. पाहुण्यांसाठी शाकुती करायची तरी गावठीच शोधली जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाय बांधून ठेवलेला तांबडा तुऱ्याचा कोंबडा काय भावाने जातो, हे ज्याने घासाघीस केली आहे त्यालाच विचारावे. ते पैसे बहुधा घरातल्या बाईच्या पदरात पडतात आणि शाळेची वही, औषधाची बाटली, मोबाइलचा रिचार्ज यांत संपतात. बँकेच्या खात्यात ते दिसत नाहीत.

अंड्याचेही तसेच. गावठी अंड्याला फार्मच्या अंड्याच्या दुपटीहून अधिक भाव देणारा ग्राहक गोव्यात भरपूर आहे. तो भाव मात्र बऱ्याचदा भलत्याच अंड्याला मिळतो. कवचाचा तपकिरी रंग हा कोंबडीच्या जातीवर ठरतो, ती मोकळी चरली की पिंजऱ्यात होती यावर नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या जातीही पिंजऱ्यात पाळल्या जातात. तेव्हा दुकानातील एकाच आकाराची, एकाच रंगाची ‘गावठी’ अंडी पाहून शहाण्याने सावध व्हावे. खऱ्या गावठी अंड्यांच्या डझनात सहा आकार आणि चार छटा असतात.

गोव्याने आपली श्वेतकपिला गाय आणि आगोंद गोंयकार डुक्कर यांची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र वंश म्हणून नोंद करून घेतली. आपल्या गावठी कोंबडीकडेही त्याच डोळ्यांनी पाहायला हवे. म्हादई खोऱ्यातल्या रानात आजही राखाडी रानकोंबडा आरवतो. जगभरच्या पाळीव कोंबड्यांच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारे जनुक दक्षिण भारतातल्या याच रानकोंबड्याकडून आले, असे २००८ मधील एका संशोधनाने दाखवले. कोंबडीच्या इतिहासात आपल्या डोंगरांचा वाटा एवढा जुना आहे. कोणत्या तालुक्यातल्या कोंबड्या नेटाने बसतात, कोणत्या पावसात तग धरतात, हे जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मोजले गेले, तर पुढच्या वाटपाला निदान आधार मिळेल.

वाटपाविषयी एक साधी सूचना करावीशी वाटते. पिल्लांबरोबरच सुधारित वाणाची फलित अंडी द्यावीत, आणि ती ज्या घरात खुडूक गावठी कोंबडी आहे त्याच घरात द्यावीत. अकरा अंड्यांची किंमत अकरा पिल्लांच्या मानाने किरकोळ असते. दिवा लावून ऊब द्यायला नको, कृत्रिम खाद्याचा खर्च कमी, आणि पिल्लांना आई मिळते. परसात वाढलेले पिल्लू दिव्याखाली वाढलेल्यापेक्षा घारीला अधिक चांगले ओळखते. काही जाणत्या घरांत हे आजही आपणहून केले जाते: अंडी ग्रामप्रियेची आणि आई गावठी. एक अट मात्र पाळावी लागेल. सुधारित कोंबड्यांच्या मोहाने गावठी कोंबड्या कापून टाकल्या तर पुढच्या वर्षी त्या अंड्यांवर बसायला कोणी उरणार नाही. म्हणून दर पाच-सहा सुधारित कोंबड्यांमागे दोन तरी बसणाऱ्या गावठी घरात राहतील, असा नियम लाभार्थ्याला घालावा आणि त्या दोन कोंबड्यांची लस सरकारने स्वतःच्या खर्चाने द्यावी.

भाताची कापणी होऊन खळ्यावरचे सांडलेले दाणे परसात येतात, हवा कोरडी होते, रात्री गार पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा किनारपट्टीवर अंडी बसवण्याचा सर्वांत चांगला काळ. मार्चपर्यंत पिल्ले आईपासून सुटतात आणि पावसाआधी अंगाने भरतात. लसीची पहिली फेरी घ्यायची असेल तर ती याच दिवसांत, पिल्लू आठवड्याचे असताना. विभागाचे वाटप यापुढे कोणत्या महिन्यात येते, ते पाहायचे. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते म्हणून पिल्लांचे खोके एप्रिलच्या उन्हात गावात उतरले, तर त्यांतली किती जून पाहतील हे सांगायला पशुवैद्यकाची गरज नाही.